चुकलेलं उत्तर छापणारे शास्त्रज्ञ : लुइस फ्राय रिचर्डसन



मागच्या महिन्यात माझ्या वर्गातल्या एका मुलाने भागाकाराचं उदाहरण चुकलं म्हणून वहीचं पानच फाडून दप्तरात कोंबलं. मी ते बाहेर काढून बघितलं तर रीत अगदी बरोबर होती, हातचा तेवढा चुकला होता. तेव्हापासून एका माणसाबद्दल लिहायचं डोक्यात होतं. या माणसाने सहा आठवडे खपून एक गणित सोडवलं, उत्तर सपशेल चुकलं आणि ते त्यांनी पुस्तकात सगळ्या पायऱ्यांसकट छापलं. आज आपण मोबाइलवर उद्याच्या पावसाचा अंदाज बघतो ना, त्याची सुरुवात त्या चुकलेल्या गणितात आहे. त्यांचं नाव लुइस फ्राय रिचर्डसन.

रिचर्डसन यांचा जन्म ११ ऑक्टोबर १८८१ रोजी इंग्लंडमधल्या न्यूकॅसल इथे झाला. सात भावंडांत ते धाकटे. वडिलांचा कातडी कमावण्याचा व्यवसाय होता. घराणं क्वेकर पंथाचं. हा ख्रिस्ती लोकांमधला एक छोटा पंथ. कुठल्याही कारणासाठी शस्त्र हातात घ्यायचं नाही, ही त्यांची शिकवण. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढे त्यांच्या आयुष्यातली जवळजवळ प्रत्येक वळणं इथूनच निघतात. शाळाही यॉर्कची क्वेकर शाळाच, बूथम. पुढे केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजमध्ये विज्ञान शिकले आणि १९०३ मध्ये बाहेर पडले.

नंतरची दहा वर्षं म्हणजे नुसती धरसोड. राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा, वेल्समधलं एक कॉलेज, पीटची कंपनी, पुन्हा प्रयोगशाळा, मग विजेचे दिवे बनवणारा कारखाना. आपल्या ओळखीतला कोणी मुलगा असा नोकऱ्या बदलत राहिला तर आपण काय म्हणू ते तुम्हाला माहीतच आहे! पण यातल्या पीटच्या नोकरीनेच त्यांना आयुष्याचं काम दिलं.

पीट म्हणजे दलदलीत अर्धवट कुजून साठलेल्या वनस्पतींचा थर. तो कापून, वाळवून जळण म्हणून वापरतात. त्याआधी त्यातलं पाणी काढावं लागतं, आणि त्यासाठी चर खणायचे. हे चर कुठे आणि कसे खणले तर पाणी नीट निघेल? ओल्या मातीतून पाणी कसं झिरपतं याचं समीकरण गणितज्ञांना ठाऊक होतं. पण ते वर्तुळ, चौरस अशा नीटनेटक्या आकारांसाठीच सुटायचं. खरी जमीन कुठे चौरस असते?

रिचर्डसन यांनी सरळ मार्ग काढला. जमिनीच्या नकाशावर चौकटी आखायच्या, आपल्या चौकटीच्या वहीसारख्या. काठावरच्या चौकटींतले आकडे माहीत असतात. आतल्या चौकटींत अंदाजाने आकडे भरायचे. मग प्रत्येक चौकटीतला आकडा तिच्या चार शेजाऱ्यांशी ताडून बघायचा. सगळ्यात साध्या प्रकारच्या गणितात तो चार शेजाऱ्यांच्या सरासरीइतका असावा लागतो. नसेल तर सुधारायचा. असं पुन्हा पुन्हा करत गेलं की आकडे हळूहळू स्थिर होतात आणि उत्तर मिळतं. ते अगदी तंतोतंत नसतं, पण कामापुरतं जवळचं असतं. चौकटी जितक्या बारीक, तितकं उत्तर जास्त जवळ. अवघड कलन बाजूला राहिलं आणि हातात उरली बेरीज-वजाबाकी. आज न्यूमरिकल अॅनालिसिस नावाची जी मोठी शाखा आहे, तिच्या पायातलं हे एक काम.

ही पद्धत त्यांनी दगडी धरणाच्या भिंतीवर वापरून दाखवली. पाण्याच्या रेट्याने भिंतीत कुठे किती ताण येतो हे त्यांना काढायचं होतं. तो निबंध रॉयल सोसायटीकडे गेला आणि १९१० मध्ये वाचला गेला. आता गंमत ऐका. एवढी आकडेमोड एकट्याने कशी होणार? म्हणून त्यांनी काही मुलांना पैसे देऊन कामाला लावलं. त्या काळी आकडेमोड करणाऱ्या माणसालाच कॉम्प्युटर म्हणत. मजुरी कामावर ठरलेली, संख्येत जितके अंक जास्त तितका दर जास्त. सगळ्यात चपळ मुलगा तीन अंकी संख्यांची आठवड्याला सुमारे २००० गणितं करायचा. चुकलेल्या गणिताचे पैसे मिळत नसत. मुलांना शिकवायची मुख्य गोष्ट काय, तर अधिक-उणे चिन्हाकडे लक्ष ठेवा! हे त्यांनी रॉयल सोसायटीच्या भारदस्त निबंधात नोंदवून ठेवलं आहे. वाचल्यावर मला इतकं हसू आलं. शंभर वर्षांपूर्वी, इंग्लंडात, आणि तक्रार तीच जी आपण रोज वर्गात करतो.

याच निबंधावर त्यांनी किंग्ज कॉलेजची फेलोशिप मागितली होती. ती मिळाली नाही.

१९०९ मध्ये त्यांचं डोरोथी गार्नेट यांच्याशी लग्न झालं. डोरोथीबाई त्यांच्या प्रयोगांत बरोबरीने असत. १९१२ मध्ये टायटॅनिक हिमनगावर आदळून बुडालं, तेव्हा रिचर्डसन यांना वाटलं की आवाजाच्या प्रतिध्वनीवरून समोरचा अडथळा आधीच कळू शकेल. मग समुद्रात होडी घातली. बायको वल्ही मारतेय आणि नवरा शिट्टी वाजवून, कानामागे उघडी छत्री धरून प्रतिध्वनी ऐकतोय! काठावरच्या लोकांना काय वाटलं असेल याची कल्पना करा. महिन्याभरात त्यांनी या कल्पनेच्या पेटंटसाठी अर्जही केला.

१९१३ मध्ये हवामान खात्याने त्यांना स्कॉटलंडच्या एका आडबाजूच्या वेधशाळेत, एस्कडेलम्युअरला, प्रमुख म्हणून पाठवलं. पाऊस, वारा आणि निवांतपणा. त्या काळी हवामानाचा अंदाज म्हणजे, आजचा नकाशा जुन्या नकाशांशी जुळवून बघायचा आणि तेव्हा पुढे जसं झालं तसं आता होईल असं समजायचं. रिचर्डसन यांना हे पटेना. हवा भौतिकशास्त्राच्या नियमांनीच हलते, मग धरणाच्या भिंतीसारख्या चौकटी आकाशालाच का आखू नयेत? नकाशावर चौकटी, त्यांच्यावर उंचीप्रमाणे पाच थर, आणि प्रत्येक खान्यात दाब, वारा, तापमान, बाष्प यांचे आकडे. आत्ताचे आकडे घालायचे, नियम लावायचे आणि थोड्या वेळाने काय होईल ते काढायचं. मग त्यावरून पुढचं.

तेवढ्यात पहिलं महायुद्ध पेटलं. क्वेकर असल्याने बंदूक हाती घेणार नाही, हे त्यांचं ठरलेलंच होतं. पण माणसं मरत असताना वेधशाळेत बसून राहणंही जमेना. १९१६ मध्ये त्यांनी चांगली पक्की नोकरी सोडली आणि क्वेकरांच्या रुग्णवाहिका पथकात चालक म्हणून फ्रान्सला गेले. जखमी सैनिकांना तोफांच्या माऱ्यातून मागे आणायचं काम.

आणि तिथे, मित्रांनो, त्यांनी ते गणित सोडवलं. पथकाला विश्रांती मिळायची तेव्हा थंडगार जागेत गवताचा भारा हेच त्यांचं टेबल. साधन म्हणजे स्लाइड रूल, लॉग टेबल आणि स्वतः आखलेले तक्ते. दिवस निवडला २० मे १९१० चा, कारण त्या दिवशी युरोपात बऱ्याच ठिकाणी फुगे सोडून वरच्या हवेची मोजमापं घेतलेली होती. सकाळी सातची स्थिती घेऊन, मध्य युरोपात सहा तासांत दाब किती बदलेल हे काढायचं. म्हणजे होऊन गेलेल्या दिवसाचाच अंदाज. उत्तर आधीच माहीत होतं, रीत तपासायची होती. फक्त दोन उभ्या खान्यांसाठी, तक्ते आखण्यापासून सगळं धरून, जवळपास सहा आठवडे गेले.

मध्येच एक अनर्थ झाला. एप्रिल १९१७ मध्ये शँपेनच्या लढाईच्या धामधुमीत हस्तलिखित सुरक्षित राहावं म्हणून मागे पाठवलं आणि ते हरवलं. किती वर्षांचं काम! काही महिन्यांनी ते बेल्जियममध्ये कोळशाच्या ढिगाखाली सापडलं. कोणाला सापडलं असेल, त्याने ते चुलीत कसं घातलं नाही, असा विचार मी अजून करते.

उत्तर काय आलं? सहा तासांत हवेचा दाब १४५ मिलिबारने वाढेल. प्रत्यक्षात त्या दिवशी दाब जवळजवळ तिथल्या तिथेच होता. समुद्रसपाटीला दाब साधारण १०१३ मिलिबार असतो आणि नेहमीच्या हवेत सहा तासांत दोन-चार मिलिबारचा फरक पडतो. त्यावरून १४५ म्हणजे काय ते बघा. आपल्या भाषेत सांगायचं तर पाव किलो साखरेचा हिशेब केला आणि उत्तर दहा किलो आलं.

आता तुम्ही असता तर काय केलं असतं? मी खरं सांगते, मी ते पान दप्तरात कोंबलं असतं. रिचर्डसन यांनी १९२२ मध्ये केंब्रिजहून पुस्तक काढलं, नाव ‘वेदर प्रेडिक्शन बाय न्यूमरिकल प्रोसेस’, आणि त्यात हे उदाहरण तक्त्यांसकट दिलं. उत्तर चुकल्याचं स्वच्छ सांगितलं आणि सुरुवातीच्या वाऱ्यांच्या मोजमापातच दोष असावा असं कारणही लिहिलं.

कारणाचा अंदाज बराचसा बरोबर होता. सुरुवातीच्या आकड्यांत वारा आणि दाब यांचा एकमेकांशी मेळ नव्हता. निसर्गात तो मेळ असतो. तो बिघडला की गणितात मोठाल्या लाटा उसळतात, परातीतल्या पाण्याला धक्का दिल्यासारख्या. त्या हेलकाव्याचा पहिला झटका म्हणजे ते १४५ मिलिबार. अलीकडे आयर्लंडचे हवामानशास्त्रज्ञ पीटर लिंच यांनी संगणकावर तेच गणित पुन्हा केलं. आधी त्यांना रिचर्डसन यांचाच चुकीचा आकडा मिळाला, म्हणजे हाताने केलेल्या कामात मोठी गफलत नव्हती. मग सुरुवातीच्या आकड्यांतला हेलकावा गाळून टाकला, आणि उत्तर प्रत्यक्षाच्या अगदी जवळ आलं. रीत बरोबर होती.

पुस्तकाच्या ७५० प्रती छापल्या होत्या. त्या तीस वर्षं संपल्या नाहीत.

याच पुस्तकात एक स्वप्न आहे, ते मुलांना सांगा, फार आवडतं. एक प्रचंड गोल नाट्यगृह. भिंतींवर आतून साऱ्या पृथ्वीचा नकाशा रंगवलेला. छताला उत्तर ध्रुव, खाली तळाला अंटार्क्टिका. गॅलऱ्यांमध्ये ६४,००० माणसं बसलीत आणि प्रत्येक जण आपापल्या खान्याचं गणित करतोय, शेजाऱ्याला आकडे दाखवतोय. मध्ये उंच खांबावर एक प्रमुख उभा, बँडमास्तरसारखा. जो भाग पुढे पळतो त्याच्यावर गुलाबी प्रकाशाचा झोत, जो मागे पडतो त्याच्यावर निळा. आणि बाहेर खेळाची मैदानं, घरं, डोंगर, तळी, कारण हवेचं गणित करणाऱ्यांनी मोकळी हवा घेतली पाहिजे! आज महासंगणकात हजारो प्रोसेसर आपापला तुकडा सोडवून शेजाऱ्याला आकडे देतात. रचना तीच, फक्त तळी आणि मैदानं राहून गेली.

युद्धानंतर ते हवामान खात्यात परतले होते. पण १९२० मध्ये ते खातं हवाई मंत्रालयाखाली, म्हणजे लष्कराशी जोडलं गेलं, आणि त्यांनी राजीनामा दिला. मग काय केलं? लंडनच्या वेस्टमिन्स्टर ट्रेनिंग कॉलेजात शिकवायला लागले. हे शिक्षक तयार करणारं कॉलेज, म्हणजे आपल्या डी.एड. कॉलेजसारखंच म्हणा. हे वाचलं तेव्हा मला हा माणूस एकदम आपल्यातला वाटला. १९२६ मध्ये ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले, तेव्हाही भावी मास्तरांना भौतिकशास्त्र शिकवत होते.

त्याच काळातला त्यांचा १९२७ चा निबंध गणिताच्या शिक्षकांनी जरूर समजून घ्यावा. गॉन्ट यांच्याबरोबर लिहिलेला. कल्पना अशी की दोन ओबडधोबड उत्तरं हातात असतील, तर ती कशी चुकतात हे ओळखून त्यांतून एक चांगलं उत्तर काढता येतं. पाय काढून बघू. व्यास १ असलेल्या वर्तुळात षटकोन काढा. त्याची परिमिती ३ भरते. बारा बाजूंचा बहुभुज काढला तर ३.१०५८. बाजू दुप्पट केल्या की चूक साधारण चौथ्या हिश्शावर येते, हे गणिताने दाखवता येतं. म्हणजे या उडीत चुकीचे तीन भाग संपले, एक भाग उरला. उडी ०.१०५८ ची, तिचा तिसरा हिस्सा ०.०३५३. तो ३.१०५८ मध्ये मिळवा. उत्तर येतं ३.१४११. वर्तुळाच्या आत ९६ बाजूंचा बहुभुज काढून जे मिळतं ते ३.१४१०. म्हणजे ९६ बाजूंचं काम बारा बाजूंत झालं! याला रिचर्डसन एक्स्ट्रापोलेशन म्हणतात. आज इंजिनिअरिंगला न्यूमरिकल मेथड्सचं पुस्तक उघडलं की हे नाव हमखास भेटतं, आणि संगणकावरची उत्तरं किती भरवशाची आहेत हे तपासायला शास्त्रज्ञ ते रोज वापरतात.

पण तोवर त्यांचं मन हवामानातून उठलं होतं. हवेत धूर, वायू कसे पसरतात यावर त्यांनी सुरेख काम केलं होतं. त्यांच्या पत्नीने पुढे सांगितलं आहे की या कामात सर्वात जास्त रस घेणारे लोक विषारी वायूच्या कामावरचे निघाले. युद्धात त्या वायूने काय होतं हे त्यांनी रुग्णवाहिका चालवताना जवळून पाहिलेलं. त्यांनी तो अभ्यास थांबवला आणि न छापलेलं काम नष्ट केलं. हे बरोबर की चूक, मला अजून ठरवता आलेलं नाही. कागद जाळले म्हणून ज्ञान थांबत नाही, हे त्यांनाही कळत असणारच. तरी केलं.

मग वयाच्या ४८ व्या वर्षी मानसशास्त्राची पदवी घेतली. १९२९ पासून स्कॉटलंडमध्ये पेस्ली इथल्या तांत्रिक कॉलेजचे प्राचार्य, आणि १९४० मध्ये, आपल्याला अजून काम करता येईल अशा वयात, निवृत्ती. कारण एकच, युद्धं का होतात याचा अभ्यास. एक देश शस्त्रं वाढवतो म्हणून दुसरा वाढवतो, याची त्यांनी समीकरणं मांडली. १८२० नंतरची युद्धं, दंगे, हाणामाऱ्या सगळ्या मृत्यूंच्या संख्येप्रमाणे लावल्या. त्यांना बघायचं होतं की सामाईक सीमा जास्त असली तर युद्धं जास्त होतात का. म्हणून सीमांच्या लांब्या गोळा करायला बसले, आणि तिथे भलतंच सापडलं. स्पेन-पोर्तुगाल सीमा एका ठिकाणी ९८७ किलोमीटर, दुसऱ्या ठिकाणी १२१४. खोटं कोणीच बोलत नव्हतं. मोजायची पट्टी जितकी छोटी, तितके वाकडेतिकडे कोपरे मोजले जातात आणि लांबी वाढते. हे काम त्यांच्या मृत्यूनंतर छापलं गेलं आणि मँडेलब्रॉट यांनी १९६७ मध्ये ते जगासमोर आणलं. त्यातून फ्रॅक्टलचं गणित बहरलं.

शिक्षकांनो, आपल्या भूगोलात भारताचा किनारा ७,५१६ किलोमीटर असं आपण पाठ करून घेतलं. आता सरकारी आकडा ११,०९८ किलोमीटर आहे. समुद्र वाढला नाही, जास्त बारकाव्याच्या नकाशावर मोजलं. मुलं विचारतील तेव्हा रिचर्डसन यांचं नाव सांगा.

उतारवयातही स्वभाव तोच. १९४८ चा त्यांचा एक निबंध आहे. पाण्यात तरंगणाऱ्या दोन वस्तू एकमेकींपासून किती वेगाने दूर जातात ते बघायचं होतं. अमेरिकन समुद्रशास्त्रज्ञ स्टॉमेल भेटायला आले होते. दोघांनी जवळच्या खाडीत पार्सनिपचे, म्हणजे गाजरासारख्या पांढऱ्या कंदाचे, तुकडे टाकले आणि अंतरं मोजली. पार्सनिपच का? तो पांढरा असल्याने दिसतो आणि जवळजवळ बुडून तरंगतो, त्यामुळे वारा त्याला ढकलत नाही. कुठलंही साहित्य महागडं नाही. आपल्याला साहित्याचं अनुदान वेळेवर येत नाही तेव्हा मला ही गोष्ट आठवते (पण अनुदान यायला हवंच, तो भाग वेगळा!).

मार्च १९५० मध्ये अमेरिकेत एनिअॅक या संगणकावर चार्नी, फ्योर्टोफ्ट आणि फॉन नॉयमन यांच्या गटाने हवामानाचं गणित केलं. २४ तासांच्या अंदाजाला जवळपास २४ तास लागले. पण या वेळी आकडे वेडेवाकडे पळाले नाहीत, कारण त्या लाटा समीकरणातूनच आधी काढून टाकल्या होत्या. निबंध छापून आल्यावर चार्नी यांनी त्याची प्रत रिचर्डसन यांना पाठवली. रिचर्डसन सत्तरीला आलेले. त्यांनी नकाशे डोरोथीबाईंपुढे ठेवले. सुरुवातीचा नकाशा खऱ्या दुसऱ्या दिवसाशी जास्त जुळतो की संगणकाचा? बाईंनी एकेक नकाशा बघून मत दिलं, आणि एकूण कौल थोडक्या फरकाने संगणकाच्या बाजूने पडला. रिचर्डसन यांनी अभिनंदनाचं पत्र पाठवलं.

३० सप्टेंबर १९५३ रोजी स्कॉटलंडमधल्या किल्मन या गावी ते झोपेतच गेले. पुढच्याच वर्षी स्वीडनमध्ये संगणकावरचे नियमित अंदाज सुरू झाले. त्यांचं पुस्तक १९६५ मध्ये पुन्हा छापलं गेलं. युरोपातल्या भूशास्त्रज्ञांची संघटना दरवर्षी भरणाऱ्या मोठ्या संशोधन परिषदेत त्यांच्या नावाचं पदक देते. आणि आपल्या पुण्यात, उष्णकटिबंधीय हवामान संस्थेत, २०१८ मध्ये ‘प्रत्युष’ महासंगणकावर पृथ्वीभर चौकटी आखून पावसाचंच गणित सुरू झालं.

जाता जाता : पुढच्या शनिवारी चौथीच्या वर्गात दोऱ्याने आणि मग काडेपेटीच्या काडीने नकाशावरचा कोकण किनारा मोजायचा उपक्रम घेणार आहे. नोंदींचा तक्ता मी आखून ठेवलाय. कोणाला हवा असेल तर कळवा, आणि तुमच्या वर्गात काय आकडे आले तेही लिहा. चुकलेले असले तरी चालतील.